अस्त्र मागे घेण्याची विद्या

विज्ञानकथेतलं आगीचं शस्त्र बहुधा एकाच साच्यातून निघतं. पाण्यावर पेटणारा, विझवता न विझणारा द्रव आणि त्याचं सूत्र ठाऊक असलेला एकटा शास्त्रज्ञ. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतली हिरवी ‘वाइल्डफायर’ हा त्याचा अद्भुतकथेतला भाऊ. या साऱ्यांचं मूळ बायझंटाइन साम्राज्याच्या ‘ग्रीक फायर’मध्ये आहे. पण त्या आगीतली खरी भीती कशात होती, हे या कथांनी फारसं पाहिलेलंच नाही, असं माझं मत आहे.

इ. स. ६७२च्या सुमारास सीरियातून पळून आलेल्या कॅलिनिकोस नावाच्या वास्तुतज्ज्ञाने हे अस्त्र कॉन्स्टँटिनोपलला आणलं, असं जुने बखरकार सांगतात. अरब आरमार त्याने जाळलं, ९४१ मध्ये कीव्हच्या राजा इगोरची गलबतं जाळली. सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइनने मुलाला बजावून ठेवलं, की परकीयांनी कितीही मागितली तरी ही आग द्यायची नाही. गुपित इतकं राखलं गेलं की कृतीच हरवली. खनिज तेल आणि झाडांची राळ, एवढा अंदाज आज बहुतेक अभ्यासक करतात.

मात्र गुपित नुसत्या द्रवात नव्हतं. ८१२ मध्ये बल्गारांनी बायझंटाइन शहरं घेतली, तेव्हा ही आग फेकणाऱ्या ३६ नळ्या आणि द्रवाचा साठा त्यांच्या हाती आला. त्यांनी तो कधी वापरल्याची नोंद नाही. द्रव तापवायचा किती, दाब किती द्यायचा, वारा कुठला धरायचा, हे जाणणारी माणसं त्यांच्याकडे नसावीत. तेलाच्या विहिरीपासून पंपावरच्या हातापर्यंत सगळी साखळी जुळली तरच ते अस्त्र होतं.

गुप्त द्रवाशिवायही आग काय करू शकते, हे आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्गाने पाहिलं आहे. फेब्रुवारी १७५६. वाघोटणच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून उभं होतं. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून सुटलेला एक गोळा एका जहाजावर पडला. त्या जहाजाची आग शेजारच्या जहाजाला, त्याची पुढच्याला लागली आणि बघता बघता कान्होजींच्या वारशातलं सगळं आरमार जळालं. तिथे कुणाचा गुप्त द्रव नव्हता. लाकूड, शिडं, दोरखंड, डांबर आणि दाटीने नांगरलेली जहाजं, एवढं पुरलं. त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजींशी त्यांचं कितीही वैर असो, पश्चिम किनाऱ्यावरचं मराठी बळ इंग्रजांच्या हातून जळू देणं ही घोडचूक होती, असंच मी मानतो.

पुढची नोंद मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकची. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि कराचीला त्यांच्या जोडीला चढवलेल्या कापसाच्या गाठी व तेलाची पिंपं. दुपारी गाठींतून धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटते कापसाचे गोळे आसपासच्या वस्तीवर पडले. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. युद्ध चालू होतं, पण त्या दिवशी शत्रूने काहीच केलं नव्हतं. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरण्याला कुणीतरी मान्यता दिली होती, इतकंच.

न विझणाऱ्या आगीबद्दल आपल्या परंपरेने फार पूर्वी एक अट घातली आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन, दोघेही अस्त्र सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही आणि ते उत्तरेच्या गर्भावर जातं. ज्याला परत बोलावता येत नाही त्याच्या हाती अस्त्र असू नये, हा विचार तिथे कथेच्या मध्यभागी आहे. १९४२ मध्ये हार्वर्डला लुई फिझरच्या प्रयोगशाळेत नापाम तयार झालं, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या टेबलावर नसावा. ९ मार्च १९४५च्या रात्री टोकियोवर नापामचे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे लाखभर माणसं मेली.

मी राहतो त्या नवी मुंबईतल्या जुईनगरच्या एका अंगाला खाडी आणि कांदळवन आहे, दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग आणि त्यापलीकडे एमआयडीसीचे रासायनिक कारखाने. महामार्गावर दिवसरात्र टँकर धावतात. प्रत्येकाच्या मागे धोक्याची पाटी असते. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा आकडा असतो आणि जोडीला ‘३ वाय ई’ असा संकेत. या संकेतातला पहिला आकडा बंबवाल्यासाठी आहे. १ आणि २ म्हणजे पाण्याचे फवारे चालतील, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडा पदार्थ, पाण्याचा थेंबही नको. आग लागायच्या आधीच ती विझवायची रीत त्या पत्र्यावर लिहून ठेवलेली असते. अश्वत्थाम्याजवळ नेमकी हीच विद्या नव्हती.

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या तरुणांना म्हणून माझी विनंती आहे. नव्या ग्रीक फायरची कथा जरूर लिहा, हवं तर ती ठाण्याच्या खाडीवर पेटवा. पण द्रवाचं सूत्र रचण्याआधी त्याच्या टँकरवरचा तो पहिला आकडा ठरवा, आणि तो वाचून पुढे जाणाऱ्या बंबवाल्याला नाव द्या, घर द्या, कथेतली मुख्य जागा द्या.