चाळीस मजल्यांवरचा शेजारधर्म

आपल्या संतपूरकडील घरांपुढे ओटा असतो. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलल्यावाचून कोणी पुढे जात नाही. अशाच गावांतून पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या कुटुंबांपैकी कित्येक आज उंच इमारतींत राहतात आणि सणावाराला गावी आली की म्हणतात, “घर चांगले आहे, पण शेजार नाही.” या गाऱ्हाण्याचा आम्ही येथे विचार करू इच्छितो. उंच घरामुळे माणसाचे मन खरोखरच आटते काय?

मुंबईतील वरळीचेच उदाहरण घेऊ. तेथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना नव्या ४० मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्त्रियांना आडोसा, मुलांना अभ्यासाला कोपरा ही मोठीच सोय झाली. तिला चैन म्हणणाऱ्याने आधी त्या जुन्या खोलीत एक पावसाळा काढून पाहावा.

तरीही अशा बदलात काही हरवते, हे खरे. चाळीत आपल्या खोलीकडे जायचे तर चार दारांवरून जावे लागे. एखादे दार सकाळी उघडले नाही, तर लगेच विचारपूस होई. खाली खेळणाऱ्या मुलाला आई गॅलरीतून हाक मारी. आता लिफ्ट माणसाला थेट त्याच्या मजल्यावर नेऊन सोडते. तिसाव्या मजल्यावरून हाक खाली पोहोचत नाही. लिफ्ट बंद पडली की गुडघे धरलेली आजी घरातच अडकते. एकट्या म्हाताऱ्याचे दार दोन दिवस बंद राहिले, तर ते कोणाच्या ध्यानात येईल?

मग सारा दोष इमारतीचाच काय? अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची ११ मजली ३३ इमारतींची वसाहत उभी राहिली. शेजाऱ्यांनी एकत्र यावे म्हणून तेथे मुद्दाम रुंद गॅलऱ्या ठेवल्या होत्या. पण देखभालीला पैसा पुरेना, घरे रिकामी पडू लागली आणि त्या गॅलऱ्यांतून जाण्यासही लोक भिऊ लागले. १९७२ पासून ती वसाहत पाडण्यात आली. उलट सिंगापुरात बहुसंख्य लोक सरकारी उंच इमारतींत राहतात. तेथील पुष्कळ इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. तेथे लग्ने लागतात आणि मृताच्या घरच्यांना भेटायलाही लोक तेथेच जमतात.

यावरून आम्हांला असे दिसते की, बांधणाराने जागा ठेवली पाहिजे आणि राहणाराने ती जागती ठेवली पाहिजे. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणारास माळवदाला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडला तर त्याचा दोष त्या घरावर येतो. बसायला जागा नसलेला, हवा-उजेड नसलेला, लिफ्टची काळजी न घेतलेला मनोरा हाही कठडा नसलेल्या माळवदासारखाच आहे.

राहणाराचे काय? चाळीतला शेजार पुष्कळ अंशी नाइलाजाचा होता. एकाच नळावर उभे राहायचे, तर ओळख होणारच. चांगल्या शोमरोन्याला मात्र असा काही नाइलाज नव्हता. वाट मोकळी होती, पुढे निघून जाता आले असते; तो थांबला. उंच इमारतीत आपणही रोज तसेच मोकळे असतो. म्हणून आपल्या शेजारधर्माची खरी पारख आता तेथेच होणार आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची एक विनंती आहे. शहरातील मुलांना हा दाखला शिकवाल तेव्हा एवढेच विचारा : तुमच्या मजल्यावर किती दारे आहेत आणि त्यांपैकी कोणत्या दारामागे माणूस एकटा राहतो? उत्तर येत नसेल, तर पुढील रविवारपर्यंत ते शोधून आणण्यास सांगा. मुले दार वाजवतील, तेव्हा मोठ्यांनाही त्यांच्या मागे जावेच लागेल.