खोडलेल्या ओळीचे मोल

यवतमाळच्या शारदाश्रमाचे नाव आता जिल्ह्याबाहेर फारसे कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. यशवंत खुशाल देशपांडे पेशाने वकील. कोर्टकचेरी सांभाळून त्यांनी महानुभावांच्या पोथ्या गोळा केल्या, 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ सिद्ध केले आणि शारदाश्रमात हस्तलिखितांचा संग्रह उभारला. त्या काळी जुन्या पोथ्यांना देव्हाऱ्यात जागा मिळे किंवा नदीत. अभ्यासाच्या टेबलावर क्वचितच.

या पोथ्यांनी मराठी माणसाला एक मोठी गोष्ट शिकवायला हवी होती. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ मूळ रूपात उरले नाही. ते परचक्रात गेले आणि पुढे अनुयायांनी आठवणीतून पुन्हा उभे केले. साहजिकच एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. मग त्यांनी काय केले? एक पाठ खरा धरून बाकीचे फेकून दिले नाहीत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, असे पाठभेद नावानिशी नोंदवले. मराठी गद्याच्या अगदी उगमापाशी ही शिस्त आहे: शब्द बदलला तर बदललेलाही ठेवायचा आणि आधीचाही.

कादंबरीकाराचा कच्चा खर्डा म्हणजे दुसरे काय? तिथे पाठभेद करणारा एकच माणूस असतो, एवढाच फरक. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960ची. तिची नायिका कौतिक हिच्या तोंडची वऱ्हाडी पहिल्याच लिहिण्यात तशी उतरली, की आधी पुस्तकी वाक्य येऊन मग ते खोडले गेले? छापील पान याचे उत्तर देत नाही. ते फक्त खाडाखोडीचा कागद देऊ शकतो. बोलीभाषेला कादंबरीत जागा कशी मिळाली, हा आपल्या भागातला केवढा मोठा प्रश्न, आणि त्याचा पुरावा असतो तो पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात.

आपल्याकडे हे झालेच नाही असे नाही. वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे. बाहेर तर यासाठी मोठाल्या रकमा मोजल्या जातात. गाब्रिएल गार्सिया मार्केसचे कागद 2014 साली टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरने घेतले आणि 2017 साली त्यांतली हजारो पाने जालावर खुली केली. यवतमाळचा विद्यार्थी ती आज मोबाइलवर पाहू शकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या लेखकाचा खर्डा त्याला कुठे पाहायला मिळेल?

आणि वेळ थोडा आहे. चार शतकांपूर्वीची पोथी हातकागदाची, चिंध्यांच्या लगद्याची. रुमालात नीट बांधली तर टिकते. 1960ची वही लाकडाच्या लगद्याची. त्या कागदातले आम्लच त्याला आतून खाते. पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो, टाचणीभोवती गंजाचा तांबूस डाग पडलेला असतो आणि त्या डागाखालचे अक्षर गेलेले असते. वर यवतमाळचा मे महिना, त्यामागून पावसाळ्याची ओल, कसर, वाळवी. पोथीपेक्षा वही आधी जाणार आहे.

यवतमाळात 1973 साली गदिमांच्या आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने झाली. ग्रंथदिंडीच्या पालखीत आपण ग्रंथ ठेवतो, तो छापील. खर्ड्याच्या वाट्याला पालखी येत नाही. त्याच्या वाट्याला येतो रद्दीवाल्याचा तराजू, तोही बहुधा दिवसकार्य आटोपल्यावर, घर आवरताना.

म्हणून मला वाटते, हे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. कोरडी खोली, आम्लरहित कागदाच्या पिशव्या, लोखंडी कपाट आणि मराठी विभागातला एक चिकाटीचा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. त्याने आधी गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. लेखकाने गठ्ठे ज्या क्रमाने लावले असतील तो क्रम मात्र नीटनेटकेपणाच्या हौसेने मोडू नये. कुठल्या प्रकरणामागे वाण्याचे बिल आले आणि कुठल्या पानावर मुलाच्या फीचा हिशोब मांडला, हेही त्या कादंबरीचेच आहे. आणि घरच्यांनी अमुक पत्रे इतकी वर्षे उघडू नका म्हटले, तर तो शब्द लेखी घेऊन पाळावा. त्या विश्वासावरच पुढचे घर आपले कपाट उघडेल.