कपाटातली फाईल

अमेरिकेत ट्रान्सजेंडर मुलांचे काही आईवडील घरात एक फाईल तयार ठेवतात. ‘सेफ फोल्डर’ म्हणतात तिला. डॉक्टरांचं पत्र, समुपदेशकाचं पत्र, वर्गशिक्षिकेच्या चार ओळी, शेजाऱ्यांनी लिहून दिलेला मजकूर, घरातले हसरे फोटो आणि मुलानं काढलेलं स्वतःचं चित्र. कुणी तक्रार केली आणि सरकारी माणूस दारात उभा राहिला, तर मूल सुखात आहे, आपण त्याच्यावर काही लादलेलं नाही, हे दाखवता यावं म्हणून. मायेचेही कागद करून ठेवायचे!

ही भीती उगाच नाही. २० जानेवारी २०२२ रोजी टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी पालकांच्या हक्कांची सनद जाहीर केली. मुलांबाबत निर्णय घेण्याचा पहिला अधिकार आईवडिलांचा, असा तिचा सूर. ते निवडणुकीचं वर्ष होतं. महिना उलटला आणि २२ फेब्रुवारीला त्याच गव्हर्नरांनी बालसंरक्षण विभागाला पत्र धाडलं: अल्पवयीन ट्रान्सजेंडर मुलांना लिंगबदलासंबंधीचे उपचार देणं हा बालछळ समजून पालकांची चौकशी करा. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांचं तसं मत चारच दिवस आधी तयार झालं होतं. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांनी खबर दिली नाही, तर त्यांच्यावरही कारवाई होऊ शकते, याची पत्रात आठवण होती.

मूल वाढवायला ज्यांची मदत होते ती हीच तर माणसं. ताप आला की फोन करायचा तो डॉक्टर, पालकसभेत मुलाचं कौतुक सांगणाऱ्या बाई. एका पत्रानं त्या सगळ्यांकडे आईवडील जपून बघू लागले.

मला त्याहून जड वाटतं ते घरातलं. मूल कित्येक महिने मनाशी झगडतं आणि एक दिवस आईला सांगतं, मी मुलगा नाही गं, मुलगी आहे. आई हादरते, रडते, मिळेल ते वाचते, डॉक्टरांना विचारते. जुनं नाव तोंडून निसटतं, जीभ चावते, पुन्हा नवं घेते. एवढं सगळं निभावल्यावर तिलाच सकाळी बूट घालणाऱ्या लेकीला सांगावं लागतं: शाळेत औषधाचं बोलू नकोस हं. खरं बोलायचा धीर नुकताच एकवटलेल्या मुलीला लपवायला शिकवायचं, आणि हे शिकवताना ‘तुझ्यात लपवण्यासारखं काही नाही’ हेही पटवायचं. हे कसं जमवत असतील, देव जाणे.

कोणत्या वयात कोणते उपचार द्यावेत, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये २०२४ साली या उपचारांचा आढावा घेणारा कॅस अहवाल आला, त्यानंतर तर ते जगभर गाजले. मतभेद जरूर असावेत. औषधशास्त्र त्यावरच पुढे जातं. पण त्यांचा निकाल तपासनीस पाठवून लावायचा नसतो.

पुढे १ सप्टेंबर २०२३ पासून टेक्सासात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी हे उपचारच कायद्यानं बंद झाले. १८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेनेसीचा तसाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. ज्या पालकांना परवडलं, त्यातले काहीजण मिनेसोटासारख्या संरक्षण देणाऱ्या राज्यांत निघून गेले. नोकरीसाठी ह्यूस्टन-डॅलसला गेलेल्या एखाद्या मराठी घरात असं मूल असलं, तर अडचण दुहेरी. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी कंपनीनं नवे कागद करायला हवेत. आणि पुण्यातल्या आजीला, घर का हलवलं, हे काय सांगायचं?

२०२२ च्या त्या पत्राविरुद्ध पहिला दावा लावला तो एका ट्रान्सजेंडर मुलीच्या आईनं. ती त्याच बालसंरक्षण विभागात नोकरीला होती. मुलांच्या छळाच्या तक्रारी तपासण्याचं तिचं काम. पत्र निघाल्यावर तिनं वरिष्ठांना विचारलं, माझ्या कुटुंबाच्या दृष्टीनं याचा काय अर्थ? काही तासांत तिला रजेवर पाठवलं गेलं आणि आठवडा संपायच्या आत तिच्याच खात्याचा माणूस घरी आला. सोळा वर्षांच्या मुलीची वेगळी चौकशी झाली. कोर्टाच्या कागदांत या कुटुंबाचं खरं नाव नाही, ‘डो’ असं टोपणनाव आहे. मुलीची वैद्यकीय कागदपत्रं बघता यावीत म्हणून त्या माणसानं संमतीपत्र पुढे केलं. आईवडिलांनी सही केली नाही.