भट्टीच्या वहीतली ओळ

परभणीच्या एमआयडीसीत एक लहानसा कारखाना होता. तिथे कडबा कुट्टीची पाती बनत. मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. त्याच्या वडिलांचा गावात लोहाराचा भाता होता, आणि पात्याला पाणी कसं द्यायचं ते तो त्या भात्यापाशी बसूनच शिकला होता. पुढे भात्याच्या जागी विजेची भट्टी आली, घणाच्या जागी प्रेस आला. पण तापलेल्या पोलादाचा रंग मिस्त्री अजून डोळ्यांनीच ओळखायचा.

कुट्टीचं पातं दिसायला साधं असतं. जड चाकाला ते बोल्टने आवळलेलं असतं. मोटार सुरू झाली की चाक गरगरतं आणि पुढ्यात आलेला ज्वारीचा कडबा बोटाच्या पेराएवढा कापला जातो. पातं मऊ राहिलं तर लवकर बोथट होतं. नको तितकं कडक झालं तर तडकतं, आणि फिरत्या चाकावरून सुटलेला तुकडा कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. म्हणून पातं आधी लाल तापवून तेलात बुडवायचं, मग पुन्हा मंद आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. पहिलं काम झटपट होतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि माणसाचा धीर सुटतो तो तिथेच.

एका उन्हाळ्यात पाथरीकडचा एक शेतकरी तुटलेलं पातं पिशवीत घालून आला. म्हणाला, “मिस्त्री, हे तुमचंच हाय.” मिस्त्रीने पातं उलटसुलट करून पाहिलं. रंगाने टाकलेला आकडा कधीच पुसला गेला होता. पातं आपलं की दुसऱ्या कुणाचं, ते त्यालाही सांगता येईना. त्याने शेतकऱ्याला नवी जोडी दिली, चहा पाजला आणि निरोप दिला. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हे पातं कोणत्या दिवशी भट्टीत गेलं होतं? त्याच्यासोबत आणखी किती होती? ती आता कुठे फिरत होती?

मिस्त्रीची मुलगी आयटीआय करून त्याच्याच हाताखाली काम करत होती. सकाळी तिने विचारलं, “अप्पा, आकडा पंचाने का ठोकत नाही आपण?”

“पाणी दिल्यावर ठोकला तर पंचच बोथट होतो,” मिस्त्री म्हणाला. “आधी ठोकला तर भट्टीतल्या पापुद्र्याखाली दिसत नाही. आणि खोल ठोकला तर तिथूनच पातं तडकायला लागतं.”

मुलीने त्याला बाहेर नेऊन आपली स्कूटर दाखवली. गाडी नवी होती. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना येते तशी पाटी तिच्यावर होती, एमएच २२ ने सुरू होणारी. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक बारीक आकडा लेझरने कोरलेला होता. मिस्त्रीने तो नखाने खरवडून पाहिला. मग खिशातल्या नाण्याने घासून पाहिला. आकडा तसाच राहिला.

बँकेचं कर्ज काढून लेझरचं यंत्र आलं. आकाराने ते शिलाई मशीनपेक्षा फार मोठं नव्हतं. मुलीने पातं ठेवायला लोखंडी साचा केला, म्हणजे प्रत्येक पातं नेमकं एकाच जागी बसेल. लेझरचा झोत डोळ्यांना दिसत नाही आणि तोच डोळे घालवतो, म्हणून हिरव्या काचेचा चष्मा लावल्याशिवाय कुणी यंत्राजवळ जायचं नाही असा तिने नेम केला. तिने पायाखालचा खटका दाबला. आतले दोन इवलेसे आरसे थरथरले, बारीक करकर झाली, जळक्या लोखंडाचा वास आला, आणि काही क्षणांत पात्यावर आकडा उमटला. तोच आकडा तिने पुन्हा पुन्हा त्याच रेघांवरून फिरवला, म्हणजे तो गंजाखालीही वाचता येईल इतका खोल जाईल. जागाही तिने विचार करून निवडली होती. गावात पाती सहाणेवर घासून घासून झिजतात, पण धारेकडून. बोल्टच्या भोकांजवळ कुणी घासत नाही.

मग ती एक जाड वही घेऊन भट्टीपाशी गेली. भट्टीवर गंगाखेडकडचा एक पोरगा होता, कामाला चोख आणि बोलायला कमी. वहीत तिने रकाने आखून दिले होते. तारीख, पात्यांचे आकडे, भट्टीत घातल्याची वेळ, काढल्याची वेळ. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता.

“शेऱ्यात काय लिहायचं, ताई?”

“जे घडलं ते.”

बरेच दिवस तो रकाना कोराच राहिला.

माघाची ज्वारी निघायला आली. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात, आणि त्याच सुमाराला कुट्टीच्या पात्यांची मागणी वाढते. त्या दिवसांत एका संध्याकाळी पाती मंद आचेवर असताना लाईट गेली. भट्टी निवत गेली. लाईट परत आली तेव्हा बराच वेळ वाया गेला होता. पोराला ठाऊक होतं की आता पाती जास्त वेळ आत ठेवायला हवीत. पण दारात टेम्पो उभा होता आणि मिस्त्री ओरडत होता, “काढ लवकर! गाडी कामून खोळंबून ठेवलीस?”

पोराने पाती काढली. मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे एका पात्यावर कानस फिरवली. कानस घसरली, म्हणजे पातं कडक होतं. कडकपणा कानशीला कळतो, ठिसूळपणा कळत नाही. पात्यांवर आकडे पडले, पाती टेम्पोत चढली. त्या रात्री घरी जाण्याआधी पोराने वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: लाईट गेली, ४० मिनिटं. वेळ वाढवली नाही. टेम्पो उभा होता.

महिन्याभराने जिंतूर तालुक्यातून एका आजीचा फोन आला. “माय, तुमच्या पात्याचा आवाज बदलला बघ. म्या बटन बंद केलं. भोकापासून केसाएवढी चीर गेलीय.” मुलीने तिला पात्यावरचा आकडा विचारला. आजीच्या नातवाने मोबाईलचा उजेड पाडून आकडा वाचला. २६५३.

वही उघडली गेली. २६४१ ते २६७६, एकूण ३६ पाती, एकाच घाण्यातली. शेजारी शेऱ्यातली ती ओळ होती. मुलीने ती वाचून दाखवली. भट्टीवरचा पोरगा मान खाली घालून उभा राहिला.

मिस्त्रीने ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, “टेम्पो कुणी उभा केला होता?”

पोरगा बोलेना. मुलगीही बोलेना.

“मीच केला होता,” मिस्त्री म्हणाला. “चल, पाने घे. तूही चल.”

निघण्याआधी मुलीने जिंतूर, सेलू, मानवतच्या दुकानदारांना फोन केले. काही जोड्या अजून दुकानातच होत्या, त्या बाजूला काढून ठेवल्या गेल्या. विकलेल्या जोड्यांचे आकडे बिलांवर होते, त्यावरून गावं कळली. जिथे फोन लागला तिथे एकच निरोप गेला, आम्ही येईपर्यंत कुट्टी सुरू करू नका. मग टेम्पो गावोगाव फिरला. सगळीकडे स्वागत झालं असं नाही. एक शेतकरी म्हणाला, “चांगलं चाललंय की, उगंच कशाला काढता? जनावरं उपाशी हायेत माझी.” मिस्त्री वाद घालत बसला नाही. त्याने स्वतः गुडघे टेकून बोल्ट सैल केले, नवी जोडी बसवली आणि त्या दिवसाचा कडबा कापून देऊनच उठला.

एक जोडी उरुसात बिलाशिवाय विकली गेली होती. तिच्यासाठी आठवडी बाजारांत सांगितलं, गावोगावच्या मोबाईल ग्रुपांवर दोन आकडे पाठवले. शेवटी पूर्णेहून एकाने कळवलं की ते आकडे आपल्याकडच्या पात्यांवर आहेत आणि पाती अजून ग्रीसच्या कागदातच आहेत.

कारखान्यात परतल्यावर मिस्त्रीने त्यातलं एक पातं शिकंज्यात धरलं आणि हातोडा घातला. पातं वाकलं नाही, काडकन दोन तुकडे झाले. मुलगी म्हणाली, “बाकीची पुन्हा मंद आचेवर ठेवली तर ठिसूळपणा जाईल, अप्पा.” मिस्त्री म्हणाला, “जाईलही. पण जी चाकावर फिरून आलीत, त्यांच्यात आत चीर पडली असेल तर ती भट्टी सांधत नाही.” सगळी पाती भंगारात गेली.

लेझरने आकडा पक्का बसवला, पण त्या आकड्याला स्वतःचं काहीच ठाऊक नव्हतं. २६५३ हा आकडा आजीच्या नातवाने वाचला तेव्हा त्याच्यामागे वहीत एक खरी ओळ होती, म्हणून ३६ पात्यांपर्यंत पोचता आलं. ती ओळ लिहिताना पोराला कुणी पाहत नव्हतं, आणि तो रकाना कोरा ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. मग एक तर सगळ्या हंगामाची पाती उतरवावी लागली असती, नाही तर हात जोडून वाट पाहावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पोराला लेझरच्या यंत्रावर बसवलं आणि भट्टीच्या दारावर नेम लिहिला: लाईट गेली तर घड्याळ पहिल्यापासून. टेम्पो थांबेल.

हळूहळू आजूबाजूच्या कारखान्यांना या यंत्राची माहिती झाली. कुणी पेरणीयंत्राचे फण घेऊन येऊ लागलं, कुणी पंपाचे पंखे. आकडे टाकून द्या म्हणायचे. पोरगा चष्मा कपाळावर सरकवायचा आणि आधी विचारायचा, “तुमची वही कुठाय?” वही नाही म्हणणाऱ्याला तो रकाने आखलेला एक कागद द्यायचा आणि माल तसाच परत पाठवायचा. काही जण रागावून जात. बरेचसे पुढच्या आठवड्यात वही घेऊन येत.