तुरुंगाच्या किल्ल्या हाती आलेली बाई

हैतीतल्या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं ते 1957 साली. निवडून आला फ्रान्स्वा दुव्हालिए, पेशाने डॉक्टर, लोकांचा ‘पापा डॉक’. पुढच्याच जानेवारीत इव्होन हाकीम-रेंपेल या पत्रकार बाईला तोंडं झाकलेल्या माणसांनी रात्री घरातून ओढून नेलं आणि अर्धमेली करून टाकून दिलं. स्त्रियांना मत मिळावं म्हणून ती झगडली होती. दुव्हालिएविरुद्ध लिहिणं हा तिचा गुन्हा. ती वाचली, पण तिची लेखणी थांबली.

त्याच राजवटीत दुसरी एक बाई पायरी-पायरीने वर चढत गेली. रोझाली बोस्के, नवऱ्याच्या नावावरून सारा देश तिला मादाम माक्स म्हणू लागला. दुव्हालिएच्या खासगी फौजेतली ती शिपाई. तिथून ती फोर दिमांश या तुरुंगाची प्रमुख झाली. राजधानी पोर्तोप्रिन्समधल्या या तुरुंगात माणसं गोळीने मेली, त्याहून कितीतरी अधिक उपासमारीने आणि क्षयाने मेली. 1971 मध्ये पापा डॉक वारला आणि 19 वर्षांचा मुलगा जाँ-क्लोद गादीवर आला. त्याने तिला साऱ्या फौजेचीच प्रमुख केलं.

ही फौज उभी राहिली भीतीपोटी. जुलै 1958 मध्ये मूठभर माणसांनी राजधानीतली लष्करी बराक ताब्यात घेतली होती. बंड फसलं, पण दुव्हालिएचा स्वतःच्या सैन्यावरचा विश्वास उडाला आणि त्याने सैन्याला तोलून धरणारी, फक्त त्यालाच बांधलेली टोळी वाढवली. पोरांना झोळीत घालून नेणाऱ्या लोककथेतल्या काकाच्या नावावरून लोक त्यांना ‘तोंतों माकूत’ म्हणत. बहुतेकांना पगार नव्हता. बाजारातून, दुकानातून, दुसऱ्याच्या जमिनीतून ते आपला वाटा ओरबाडून घेत. म्हणून ही राजवट एका माणसापुरती उरली नाही, गल्लीगल्लीत तिचे भागीदार तयार झाले.

मराठवाड्याला हे फोड करून सांगावं लागत नाही.  निजामी राजवटीच्या अखेरीस इथेही रझाकार या सशस्त्र टोळ्यांची दहशत होती आणि त्यांचा म्होरक्या होता लातूरचा वकील कासीम रझवी. ऑक्टोबर 1947 मध्ये हैदराबादचं शिष्टमंडळ दिल्लीला जाऊ नये म्हणून त्याच्या माणसांनी खुद्द निजामाच्या दिवाणाच्या घराला वेढा घातला. इथे रझवी आणि मादाम माक्स यांच्यात मोठा फरक दिसतो. रझवी धन्यावरही गुरगुरला. मादाम माक्स शेवटपर्यंत धन्याची राहिली, आणि बापाच्या मागे मुलानेही तिला ठेवलं ते याच कारणासाठी, असं मला वाटतं. पत्रकाराच्या बाबतीत मात्र दोन्ही राजवटी सारख्याच. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत होता, 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादमध्ये त्याचा खून झाला.

मादाम माक्सचं वर चढणं ही स्त्रियांची प्रगती होती का? मी ठामपणे नाही म्हणेन. तिच्या हाती आलेला अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता, दुसऱ्या कुठल्या बाईच्या वाट्याला तो कधीच येणार नव्हता. पूर्वी हैतीच्या राजकारणात बायकामुलांना मारझोडीतून बहुधा वगळत. दुव्हालिएने तो संकेत मोडला. बाईला बंदूक देणं आणि बाईला तुरुंगात कोंडणं ही एकाच धोरणाची दोन अंगं होती. बंदूक हाती घेतलेली बाई आपल्याकडेही झाली. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध लढल्या. त्यांच्या पाठीशी कोणती सत्ता नव्हती, समोर होती. स्त्रीचं धाडस मोजायचं तर ते कोणाच्या विरोधात उभं आहे, हे आधी पाहायला हवं.

7 फेब्रुवारी 1986 ला जाँ-क्लोद अमेरिकेच्या विमानातून फ्रान्सला पळाला आणि मादाम माक्सची सत्ता त्याच आठवड्यात संपली. माकूतांना लोकांनी रस्त्यावर गाठून मारलं. खालच्यांना जमावाने शिक्षा दिली, वरचे निसटले. रझवीवर निदान खटला चालला, शिक्षा झाली. 1957 मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. हैतीत जाँ-क्लोद 2011 मध्ये परतला. 2013 मध्ये त्याला न्यायालयात हजर राहावं लागलं, एकेकाळच्या कैद्यांनी तिथे जबान्या दिल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला, तेव्हा त्या गुन्ह्यांचा खटला उभा राहायचाच होता.