अर्धं नाटक प्रेक्षकाचं

पहिल्या वाचनाला नवे नट हमखास विचारतात, ‘माझं पात्र चांगलं की वाईट?’ ते एकदा कळलं की आवाज कुठे चढवायचा, भुवई कुठे उंचवायची, टाळी कुठे घ्यायची, सगळं ठरून जातं. त्या माणसाकडे बघायचं तेवढं राहून जातं. प्रतिभेचं आपण उगाच देव्हारं माजवलं आहे. तालमी घेता घेता माझं तरी मत असं झालं आहे की, निवाड्याची घाई न करता जो बघत राहतो, त्यालाच काहीतरी सुचतं. ही चिकाटी नटाइतकीच प्रेक्षकालाही लागते, कारण नाटकाचा अर्धा अर्थ तोच लावत असतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवा. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात विराटाचा दरबार आहे, सैरंध्री आहे, कीचक आहे. इंग्रज औषधालासुद्धा नाही. तरी प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, युधिष्ठिर आणि भीमाच्या वादात मवाळ-जहालांचं भांडण ऐकू आलं. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. संहितेपेक्षा प्रेक्षकांची ही नजरच सरकारला जास्त बोचली असावी. ती आली कुठून? कीर्तनातून, पोथीतून, ओटीवरच्या भारतवाचनातून. कथा आधीच अंगात मुरलेली होती, म्हणून खाडिलकरांना पुष्कळसं न बोलता सांगता आलं. साहित्य वाचून मुलांना मिळतं काय, असं विचारणाऱ्या पालकांना मी हा दाखला देतो. त्यावर काही जण विचारतात, याला मार्क किती?

पुढे याच मराठी समाजासमोर विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ते उभं केलं. परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस ठिकाणी कात्री लावायला सांगितलं, प्रयोग अडले आणि सारंगांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. गदारोळ होता तो सखारामच्या शिव्यांवर, दारूवर, त्याने घरात आणलेल्या चंपाच्या पदरावर. त्याच घरातल्या लक्ष्मीबद्दल मात्र फारसं कुणी हाकाटी केल्याचं आढळत नाही. देवभोळी, सोशिक, मुंगळ्याशी गप्पा मारणारी बाई! चंपाचं गुपित सखारामच्या कानावर घालते तीच, आणि त्या कळीने चंपाचा जीव गेल्यावर प्रेत पुरायला सरसावते तीही तीच. मला या नाटकात सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती तिची. तिच्या सात्त्विकपणाआड जे क्रौर्य निवांत नांदतं, त्याला कात्री कुठे लावणार? ते एका वाक्यात सापडत नाही. त्यासाठी नाटक शेवटपर्यंत बघावं लागतं.

याला नुसती रसिकतेची उणीव म्हणून सोडून देता येणार नाही. रंगमंचावरची लक्ष्मी ज्याला ओळखता येत नाही, त्याला घरातली किंवा आळीतली तरी कशी ओळखता येईल? तो चंपांना बोल लावून मोकळा होतो. आज तर मोबाइलवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याने भावना दुखावतात आणि संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात निवेदन घेऊन माणसं उभी राहतात. निषेध जरूर करावा, पण तिकीट काढून, शेवटचा पडदा पडल्यावर. आम्हा नाटकवाल्यांचंही काही ठीक चाललेलं नाही. ‘पब्लिकला झेपत नाही’ असं म्हणत आम्ही सगळं उलगडून, चघळून देतो. आणि असं म्हणणाऱ्या कित्येकांनी गेल्या वर्षात एक कादंबरी धड वाचलेली नसते.

नीट न बघण्याचा हा रोग जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच हेरला होता. त्यांच्या ‘तृतीय रत्न’मध्ये एक जोशी गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून गरीब कुणबी जोडप्याला लुबाडतो. शेजारी एक विदूषक आहे. तो सगळं बघतो आणि समोरच्यांना बोलून दाखवतो. विदूषक म्हणजे हसवण्याचा ठेका घेतलेला खादाड भट, अशी जुनी वहिवाट. फुल्यांनी त्याच्या हाती डोळस प्रेक्षकाचं काम दिलं. पुढे त्या नवरा-बायकोचे डोळे उघडतात आणि दोघं शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं, म्हणजे तब्बल एकशे चोवीस वर्षं गेली.

शाळांमध्ये अजून नाट्यउतारा ‘कोण कोणास म्हणाले’वर आटोपतो. शिक्षकांना माझी विनंती आहे: पात्रं वाटून द्या, मोठ्याने वाचून घ्या, आणि ज्या मुलाला जोशीबुवांचा राग येतो त्यालाच जोशीबुवा करा. त्या माणसाच्या जिभेने बोलल्याशिवाय त्याची लबाडी कशी चालते ते कळत नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवरचे दोन नाच कमी करून ‘तृतीय रत्न’ बसवून बघा. फुल्यांच्या समग्र वाङ्मयात ते आहे, पात्रं मोजकी आहेत, नेपथ्याला खर्च जवळजवळ नाही. विदूषकाचं काम मात्र वर्गातल्या सगळ्यात चौकस मुलीला द्या.