कातडीखालचा ताण

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या काही जमाती लाकडी धनुष्याच्या पाठीवर जनावराचे चिवट स्नायुतंतू सरसानं चिकटवत. दोरी ओढली की धनुष्याची पाठ ताणली जाते. तो ताण हे तंतू सोसतात. काहीजण त्यावर रॅटलस्नेक सापाची कातडी बसवत. दमट हवेत सरस सुटतो. कातडी ओल थोडीफार रोखायची. म्हणजे नटवणाऱ्या कातडीलाही काम होतं.

आज तिथले हौशी कारागीर फायबरग्लासच्या धनुष्यावरही सापाची कातडी लावतात. फायबरग्लासला ओलीची कसली भीती? कातडीनं बाण लांब जात नाही. उरते ती नक्षी.

मित्रांनो, नक्षीला माझा विरोध नाही. राबणाऱ्यालाही देखणेपण हवंच. पण बघणारा कातडीला वाहवा देतो, ताण सोसणाऱ्याचं नाव घेत नाही. लुगड्याचा काठ सगळे बघतात. मागावर ताणलेला ताणा कोण बघतो?

आणि साप? त्याला तर कुणी विचारलंच नाही. गरजेपायी घेतलेला जीव नि मिरवण्यासाठी घेतलेला जीव एका तराजूत घालता येत नाही.

देखणं जरूर करा. आधी एवढं विचारा : कातडं कुणाचं? ताण कुणाचा?